झिरो नंबरचा चष्मा हौसेने घालायचाय? मग या क्रमाने जा

"नंबर नाहीये, पण चष्मा घालायचाय. कुठली फ्रेम घेऊ?" नवी नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं, कॉलेज सुरू झालं, की हा प्रश्न मला हमखास येतो. मी उलट विचारतो, "घेऊन तर नाही ना टाकलीस?" बहुतेक वेळा घेतलेली असते. पुण्यात कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर किंवा मुंबईत कुलाबा कॉजवेवर आरशात बरी दिसली म्हणून घेतली, त्यातली डमी, म्हणजे नुसती दाखवायची प्लास्टिकची, काच तशीच ठेवली आणि लगेच वापरायला सुरुवात केली. आठवड्यात तक्रारी सुरू होतात: नाकावरून घसरते, कानामागे टोचते, संध्याकाळी कपाळ जड होतं, फोटोत काचेवर नुसती ट्यूबलाइट दिसते. मग चष्मा कपाटात जातो.

हौसेत काहीच वाईट नाही. चूक होते ती क्रमात. आधी फ्रेम आवडते आणि डोळे, माप, काच, फिटिंग यांचा विचार मागाहून होतो. खाली दिलेल्या क्रमात डोळे आणि माप फ्रेमच्या आधी येतात, आणि तो क्रम मोडू नये असं मला मनापासून वाटतं. बिननंबरी असला तरी तो चष्मा दिवसाचे आठ-दहा तास तुमच्या डोळ्यांसमोर राहणार आहे.

टप्पा १: फ्रेम बघायच्या आधी डोळे तपासून घ्या

"मला नंबर नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी शेवटची तपासणी शाळेत केलेली असते, काहींनी कधीच नाही. अर्ध्या नंबरचा सिलिंड्रिकल दोष, म्हणजे उभ्या-आडव्या दिशांना वेगवेगळा नंबर, असेल, तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, कारण माणूस थोडे डोळे बारीक करून चालवून घेतो. असा माणूस झिरो नंबरचा चष्मा लावतो, संध्याकाळी डोकं दुखतं आणि दोष फ्रेमला जातो. नंबर निघाला तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच फ्रेममध्ये नंबराची काच बसेल, म्हणजे हौस भागेल आणि नीट दिसेलही.

तपासणीला गेल्यावर एवढं करून घ्या:

1. दोन्ही डोळ्यांचा नंबर कागदावर लिहून मागा. स्फेरिकल (सगळ्या दिशांना सारखा नंबर) आणि सिलिंड्रिकल दोन्ही रकाने भरलेले हवेत.
2. चाळिशी आली असेल किंवा उलटून गेली असेल, तर जवळचं वाचायला लावून वेगळी तपासणी करून घ्या.
3. बुबुळांमधलं अंतर, म्हणजे पीडी, लिहून घ्या. झिरो नंबरला ते लागत नाही, पण पुढे कधी नंबर आला तर हा कागद उपयोगी पडतो.
4. मधुमेह असेल तर दुकानातल्या मशीनवरच्या तपासणीवर समाधान मानू नका. बाहुलीत थेंब घालून पडदा तपासणारे नेत्रतज्ज्ञ गाठा, तेही दरवर्षी.

मुलांच्या बाबतीत हा टप्पा टाळूच नका. सहा-सात वर्षांचं मूल चष्म्याचा हट्ट धरतं, तेव्हा कधी कधी खरंच त्याला फळा धूसर दिसत असतो. दृष्टी घडण्याचं काम साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. त्या वयात ओरखडे पडलेली, वेडीवाकडी काच रोज डोळ्यांसमोर ठेवणं मला अजिबात मान्य नाही. स्नेहसंमेलनात तासभर घालायची तर रिकामी फ्रेम द्या, मधे काच नको.

*पडताळणी:* कागदावर दोन्ही डोळ्यांपुढे "प्लेनो" किंवा ०.०० लिहिलंय? मग पुढे चला. ०.२५ असेल तर तपासणाऱ्यालाच विचारा. तक्रार काहीच नसेल तर एवढ्या नंबराचा चष्मा बरेचदा देत नाहीत.

*सावधान:* मित्राचा नंबराचा चष्मा "फोटोपुरता" लावून दिवसभर मिरवू नका. मेडिकलमध्ये किंवा जत्रेत लटकवलेले तयार वाचायचे चष्मेही नकोत, त्यांत +१.००, +१.५० असा नंबर असतो. मोठ्या माणसाच्या डोळ्यांची त्याने कायमची हानी होत नाही, पण लांबचं धूसर होतं, जिन्याच्या पायरीचा अंदाज चुकतो आणि डोकं दुखतं ते वेगळंच.

टप्पा २: चेहऱ्याचं माप घ्या

गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम आणि चौकोनी चेहऱ्याला गोल, असे तक्ते सगळीकडे फिरतात. मी त्यांना फारसं महत्त्व देत नाही. चेहऱ्याची रुंदी, नाकाचा बेचका आणि भुवयांची रेषा या तीन गोष्टी जमल्या, की आकार कुठलाही चालतो. त्या जमल्या नाहीत तर महागातली फ्रेमही उसनी आणल्यासारखी दिसते.

कोणत्याही बऱ्या फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला ५२▢१८ १४० असे आकडे असतात. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं अंतर, म्हणजे ब्रिज, आणि तिसरा काडीची लांबी. सगळं मिलिमीटरमध्ये. मधली चौकट नुसती खूण आहे.

माप घरी असं घ्या:

1. जाड कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा. आरशासमोर सरळ उभं राहून ती डोळ्यांच्या रेषेत चेहऱ्यासमोर आडवी धरा.
2. दोन्ही बाजूंना, जिथे चेहरा संपून कानशील मागे वळतं, तिथे पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या कुणी खूण केली तर जास्त बरोबर येते.
3. दोन खुणांमधलं अंतर मोजपट्टीने मोजा. समजा १३६ मिमी आलं.
4. फ्रेमची एकूण रुंदी अशी काढा: दोन काचा अधिक ब्रिज अधिक दोन्ही टोकांचे मिळून १०-१५ मिमी. ५२▢१८ ची फ्रेम १२२ अधिक १०-१५, म्हणजे साधारण १३२ ते १३७ मिमी होते. १३६ च्या चेहऱ्याला ती बसेल.

घरात बरा बसणारा गॉगल असेल तर कामच सोपं. त्याच्या काडीवरचे आकडे टिपून घ्या आणि त्याच्या आसपासची फ्रेम शोधा. ऑनलाइन घेणाऱ्यांना याहून भरवशाचा मार्ग नाही. ॲपमध्ये चेहऱ्यावर फ्रेम चिकटवून दाखवतात, त्यावरून रंग आणि आकार कळतो. नाकावर ती कशी टेकेल ते कळत नाही.

आणि नाकाबद्दल. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या नाकाचा वरचा भाग बसका किंवा रुंद असतो. अशा नाकावर सपाट ब्रिजची जाड प्लास्टिक फ्रेम खाली घसरून गालावर टेकते आणि हसलं की वर उचलली जाते. त्यांनी वेगळे, हलवता येणारे नोजपॅड (नाकावर टेकणाऱ्या छोट्या गाद्या) असलेली धातूची फ्रेम घ्यावी. जाड फ्रेमचाच सोस असेल, तर उंच नोजपॅड बसवलेली निवडावी.

*पडताळणी:* फ्रेम लावून आरशात पाहा. बुबुळ काचेच्या साधारण मध्यावर किंवा किंचित वर हवं. फ्रेमची वरची कड भुवईच्या रेषेबरोबर जायला हवी. भुवया पूर्ण झाकल्या जात असतील किंवा काचेच्या आत अर्ध्यावर दिसत असतील, तर ती फ्रेम खाली ठेवा.

टप्पा ३: फ्रेम निवडा, आणि फर्स्ट कॉपीचं काय करायचं ते आताच ठरवा

साहित्याचं थोडक्यात सांगतो. ॲसिटेट हे प्लास्टिक रंगाला छान, गरम करून हवी तशी बसवता येते, पॉलिश करता येते. टीआर-९० हे नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक. हलकं, वाकवलं तरी परत सरळ होतं, पण म्हणूनच ते तुमच्या कानानुसार फारसं वळवता येत नाही. धातूत स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियम चांगले. स्वस्त धातूच्या फ्रेमवरचा मुलामा घामाने उडाला की खालचं निकेल त्वचेला लागतं. खोटे कानातले घातल्यावर ज्यांचे कान खाजतात, त्यांना अशा फ्रेमनेही कानशिलावर आणि नाकाशी पुरळ येऊ शकतं. त्यांनी टायटॅनियम किंवा ॲसिटेटच घ्यावं.

आता फर्स्ट कॉपी. मुंबईतल्या मनीष मार्केटपासून गावच्या आठवडी बाजारापर्यंत मोठ्या नावांच्या फ्रेमा दीड-दोनशे रुपयांत मिळतात. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, ती सोडवून घ्या. रेबॅन कंपनीच्या वेफेअरर मॉडेलसारख्या दिसणाऱ्या आकाराची, पण त्यावर कुणाचंही नाव नसलेली किंवा बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव असलेली फ्रेम ही साधी मिळतीजुळती फ्रेम. ती खुशाल घ्या. रेबॅनचं नाव खोटं छापलेली फ्रेम ही नक्कल. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार खोट्या नावाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी जपावं. इटलीत खोटा माल विकत घेणाऱ्यालाही ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये असा माल नुसता जवळ बाळगणं हासुद्धा कस्टमचा गुन्हा आहे. युरोपच्या सहलीत रस्त्यावर चादर पसरून बसलेल्या विक्रेत्याकडून "आठवण म्हणून" काही उचलू नका.

खोटी कशी ओळखायची, हा पुढचा प्रश्न. खऱ्या रेबॅन वेफेअररच्या काडीवर आरबी२१४० हा मॉडेल नंबर आणि ५०▢२२ किंवा ५४▢१८ असं माप असतं, काचेच्या कडेला बारीक "आरबी" कोरलेलं असतं. पण कॉपीवाले हे सगळं छापतात; डबी, पुसायचं कापड, माहितीपत्रकसुद्धा देतात. म्हणून खुणांवर विसंबू नका. खऱ्या नावाचीच हवी असेल, तर अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलासकट घ्या. तेवढे पैसे नसतील तर बिननावाची घ्या. काडीवरचं नाव बघायला कुणी तुमच्या कानापाशी येत नाही, आणि दोनशे रुपयांच्या फ्रेमवर वीस हजारांचं नाव असलं की जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं. मग बाकीच्या नीट कपड्यांवरही शंका येते. हे माझं प्रांजळ मत आहे.

नाव कुठलंही असो, विकत घ्यायच्या आधी या चार गोष्टी काउंटरवरच करून बघा:

1. काड्या उघडून फ्रेम काचेच्या काउंटरवर उलटी ठेवा, वरची कड खाली. ती डुगडुगली तर फ्रेम पिळलेली आहे.
2. काड्या दोन-तीनदा उघडा-मिटा. दोन्हीकडे सारखाच ताण जाणवायला हवा. एक काडी आपोआप खाली पडत असेल तर बिजागरी ढिली आहे.
3. नखाने बिजागरीजवळचा रंग हलकेच खरवडा. पापुद्रा निघाला तर नको.
4. स्क्रू आहे का ते बघा. बिजागरीत स्क्रूऐवजी नुसती पिन ठोकलेली असेल, तर ती सैल झाल्यावर फ्रेम टाकूनच द्यावी लागते.

*सावधान:* रिमलेस आणि दोऱ्यावर काच धरणाऱ्या अर्ध्या फ्रेमा पहिल्या चष्म्याला नकोत. काच बदलताना त्यांत भोकं पाडणं, खाच कापणं आलं. स्वस्तातल्या काचेला तिथेच तडा जातो.

टप्पा ४: डमी काच काढून खरी काच बसवा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात.

नव्या फ्रेममध्ये येते ती काच डमी असते. फ्रेमचा आकार टिकावा आणि ग्राहकाला दिसायला बरं वाटावं, एवढंच तिचं काम. ती पातळ प्लास्टिकची असते, बरेचदा तिच्यावर नाव छापलेलं असतं. आरपार बघण्यासाठी बनलेलीच नसल्यामुळे तिच्यात लाटा असू शकतात, ओरखडे पटकन पडतात आणि तिच्यावर कसलंही कोटिंग नसतं. फॅशन स्ट्रीटवर मिळणारे बहुतेक "झिरो नंबरचे चष्मे" म्हणजे डमी काचेची फ्रेम. फ्रेम तिथूनच घ्यायची असेल तर घ्या, पण काच चष्म्याच्या दुकानात बदलून घ्या.

दुकानात काय सांगायचं, ते नीट समजून जा.

काचेचा प्रकार. आपण काच म्हणतो, पण ती प्लास्टिकचीच असते. नेहमीच्या वापराला सीआर-३९ ही साधी काच उत्तम. तिच्यातून स्वच्छ दिसतं आणि ती स्वस्तही असते. दुचाकी चालवणाऱ्यांनी, खेळणाऱ्यांनी आणि लहान मुलांसाठी पॉलिकार्बोनेट घ्यावी. दणका बसला तरी तिच्या ठिकऱ्या उडत नाहीत, आणि सूर्याचे अतिनील किरण ती स्वतःच जवळपास सगळे अडवते.

एआरसी कोटिंग, म्हणजे काचेवरून परत फिरणारा उजेड कमी करणारा थर. यावर पैसे खर्च करा, बाकी कशावर नाही केलेत तरी चालेल. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग मिळून आठ टक्के. समोरच्याला तुमचे डोळे दिसण्याऐवजी खिडकी दिसते ती यामुळे. तुमच्या मागचा दिवा काचेच्या आतल्या बाजूवर दिसतो, रात्री गाडी चालवताना समोरच्या हेडलाइटच्या शेजारी त्याची पुसट सावली दिसते, तेही याचमुळे. चांगल्या एआरसीने आरपार जाणारा उजेड ९९ टक्क्यांच्या आसपास पोचतो. व्हिडिओ कॉलवर चष्मा घालणार असाल, तर याच्याशिवाय बसूच नका.

पातळ काच. "सर, थिन लेन्स घ्या, १.६७ आहे" असं काउंटरवर सांगतील. नम्रपणे नाही म्हणा. जास्त अपवर्तनांकाची, म्हणजे उजेड जास्त वळवणारी (१.६७ हा तोच आकडा), काच मोठ्या नंबरात पातळ होते, म्हणून तिला किंमत आहे. झिरो नंबरच्या काचेत पुढच्या आणि मागच्या बाजूच्या वक्रतेत फरकच नसतो. साधी काच जितकी पातळ, जवळपास तितकीच तीही. शिवाय अशा काचेवरून उजेड जास्त परावर्तित होतो. पैसे जातात आणि हाती काही लागत नाही.

ब्लू-कट, म्हणजे निळा उजेड अडवणारी काच. "मोबाइलमुळे डोळे थकतात, ब्लू-कट घ्या" हा आग्रह तर सगळीकडे होतो. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने आधीच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अशा काचांनी डोळ्यांचा थकवा थोड्या काळात तरी कमी होतो असं दिसलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीही कॉम्प्युटरसाठी हे चष्मे सुचवत नाही. स्क्रीनसमोर आपली पापणी लवण्याचं प्रमाण घटतं आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीस फुटांपलीकडे बघणं हा फुकटचा उपाय आहे. फॅशनच्या बाजूनेही ब्लू-कट गैरसोयीचं: काच किंचित पिवळी दिसते आणि फोटोत तिच्यावर निळी-जांभळी झाक येते.

पीडी. नंबराच्या काचेत ते चुकलं तर त्रास होतो. झिरो नंबरच्या काचेला केंद्र मागे-पुढे झालं तरी फरक पडत नाही. म्हणून "खास मोजमाप करून बसवतो" असं सांगून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका.

रिकामी फ्रेम घालण्याची टूम मधूनमधून येते. फोटोपुरती ठीक. समोरासमोर बोलताना ती लगेच ओळखू येते, आणि काचेचा आधार नसल्यामुळे रिमही हळूहळू वाकते.

*सावधान:* कोटिंगशिवाय, अतिनील किरणांपासून संरक्षण नसलेल्या गडद काचा स्वस्त गॉगलमधून काढून या फ्रेममध्ये बसवू नका. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आत शिरायला वाट मोकळी होते. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स हा तर वेगळाच विषय आहे. त्या थेट बुबुळावर बसतात, तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडून माप घेतल्याशिवाय, "नंबर नाही, नुसता रंग आहे" म्हणून घालूच नका.

टप्पा ५: काच खरंच झिरो आहे का, हे दुकानातच तपासा

काच बसवून मिळाली की चेहऱ्यावर चढवायची घाई असते. दोन मिनिटं थांबा.

1. दुकानदाराला ती लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, लावायला सांगा. बहुतेक चष्म्याच्या दुकानांत हे यंत्र असतं, आणि त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. दोन्ही काचांवर ०.०० दिसलं पाहिजे.
2. यंत्र नसेल तर हाताने बघा. चष्मा हातभर लांब धरून एका काचेतून दाराची उभी चौकट पाहा आणि चष्मा सावकाश डावी-उजवीकडे हलवा. चौकट जागच्या जागी स्थिर राहिली तर काच झिरो. चष्म्याच्या दिशेने सरकली तर मायनस नंबर, उलट दिशेने सरकली तर प्लस.
3. आता चष्मा घड्याळाच्या काट्यासारखा थोडा फिरवा. चौकट तिरकी होत असेल तर काचेत सिलिंड्रिकल दोष आहे.
4. आखलेला कागद टेबलावर ठेवा आणि काच थोडी वर धरून सरकवत न्या. रेषा मधेच लाटेसारख्या हलल्या, तर काचेत ओबडधोबडपणा आहे. नंबर शून्य असूनही डोकं दुखतं ते बहुधा अशाच काचेने.
5. ट्यूबलाइटखाली काच तिरकी धरा. एआरसी असेल तर परावर्तन हिरवट किंवा जांभळट आणि फिकं दिसतं. पांढरंशुभ्र दिसलं तर कोटिंग नाही. पैसे लावले असतील तर तिथेच बोला.

मागे एकदा मी हे न बघता चष्मा घेऊन घरी आलो. तीन दिवस जिना उतरताना पायऱ्या किंचित उचलल्यासारख्या वाटत होत्या. लेन्सोमीटरवर लावल्यावर एका काचेत अर्धा नंबर निघाला. दुसऱ्या कुणाची तयार काच चुकून माझ्या फ्रेममध्ये बसली होती. बदलून मिळाली, पण ते तीन दिवस मी उगाच रक्तदाब मोजत बसलो होतो.

टप्पा ६: फिटिंग, आणि तेही ठरलेल्या क्रमाने

चष्मा घसरतो म्हटलं की लोक आधी कानामागचं टोक खाली वाकवतात. त्याने कान दुखायला लागतो आणि घसरणं थांबत नाही. फिटिंग पुढून मागे करायचं असतं.

1. नाक. वजनाचा मोठा भार नाकावर असतो. दोन्ही नोजपॅड पूर्ण सपाट टेकले पाहिजेत. एकाच कडेने टेकत असतील तर लाल वळ उठतो.
2. रुंदी. काड्या कानशिलाला नुसत्या टेकाव्यात. आत रुतल्या तर चष्मा पुढे ढकलला जातो, म्हणजे आवळ फ्रेमसुद्धा घसरते. लोकांना हे खरं वाटत नाही, पण बघा करून.
3. कानाचं वळण. काडी कानाच्या बरोबर वर येईल तिथूनच खाली वळली पाहिजे. आधी वळली तर टोचते, नंतर वळली तर धरत नाही.
4. कल. फ्रेमची खालची कड गालाकडे किंचित झुकलेली हवी. अगदी सरळ उभी असेल तर मागचा उजेड काचेत जास्त दिसतो. फार झुकली तर गालाला लागते.

ॲसिटेट गार असताना वाकवली तर मोडते. दुकानात हीटरवर गरम करून वळवतात. घरी गॅसच्या ज्योतीवर हा प्रयोग नको, फ्रेमला फोड येतात. एकदा फिटिंग करून दिल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा जा. बहुतेक दुकानं तेवढ्याचे पैसे घेत नाहीत.

हेल्मेट वापरत असाल तर ते दुकानात घेऊन जा. जाड आणि खूप वळलेल्या काड्या हेल्मेटच्या अस्तरात अडकतात आणि कानशिलात रुततात. पातळ, जवळपास सरळ काडी हेल्मेट चढवल्यावर बाजूने सहज सरकते. हेल्मेट काढताना मात्र आधी चष्मा काढायचा.

*पडताळणी:* मान खाली घालून दोनदा झटका द्या, चष्मा जागेवर राहिला पाहिजे. मोठ्याने हसा, फ्रेम गालाने उचलली जाता कामा नये. पापण्या फडफडवा, काचेला लागायला नकोत. अर्ध्या तासाने काढून आरशात बघा: नाकावर फिकट खूण चालेल, लाल खड्डा चालणार नाही.

टप्पा ७: पहिला आठवडा, आणि कुठे घालायचा नाही

पहिले दोन दिवस दोन-तीन तासच घाला. झिरो नंबरच्या चांगल्या काचेला "डोळे बसावे लागतात" असं काही नसतं. जमीन तिरकी वाटली, डोकं दुखलं, कडेला काही हलल्यासारखं दिसलं, तर सवय होण्याची वाट न बघता टप्पा ५ परत करा. सवय व्हायची ती फक्त फ्रेमच्या कडेची आणि नाकावरच्या वजनाची.

मुलाखतीला, बघण्याच्या कार्यक्रमाला घालून जायला हरकत नाही. कुणी "नंबर किती?" विचारलं तर "नंबर नाही, आवडतो म्हणून घालते" असं सरळ सांगा. लग्न जुळवताना ही गोष्ट मागाहून कळली की उगीच गैरसमज होतात. मी ते होताना पाहिले आहेत. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही, तेव्हा फोटो काढायला जाताना तो डबीत ठेवा.

एआरसी नसलेला चष्मा रात्री किंवा पावसात गाडी चालवताना काढून ठेवा. नंबरवाल्याला पर्याय नसतो, तुम्हाला आहे.

टप्पा ८: रोजची निगा

कोरड्या शर्टाच्या टोकाने काच पुसणं ही एकच सवय मोडली तरी काचेचं आयुष्य वाढेल. धुळीचे कण काचेवर घासले जातात आणि कोटिंग जातं. आधी नळाखाली धरा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने दोन्ही बाजूंना आणि नोजपॅडला लावा, धुवा, मग मऊ मायक्रोफायबरने टिपा. गरम पाणी नको. सॅनिटायझरने ॲसिटेट पांढरट पडते, नेलपॉलिश रिमूव्हरने तर विरघळते.

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका. उष्णतेने काच पसरते, तिच्यावरचं कोटिंग तितकं पसरत नाही, आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा येतात. त्या पुसून जात नाहीत. कोकणात, गोव्यात, मुंबईत दमट हवा आणि घाम यांमुळे नोजपॅडच्या धातूवर हिरवा थर चढतो. पॅड जोडी नवी बसवून घ्या, स्वस्त असते.

स्क्रू पडला तर तिथे टाचणी अडकवून वेळ भागवा आणि दुकान गाठा. फेविक्विकचा मात्र विचारही करू नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर बसतो आणि चिकटलेली बिजागरी पुन्हा सुटत नाही.

दर दोन वर्षांनी टप्पा १ परत करा. चाळिशीनंतर मोबाइल लांब धरून वाचावा लागायला लागला, तर फ्रेम बदलायची गरज नाही. तीच दुकानात नेऊन नव्या नंबराची काच कापून घ्या. पीडी लिहिलेला तो जुना कागद तेव्हा बरोबर न्या.